कोळ्याचे नाव पोटाखाली



सातारा जिल्ह्याचे नाव एका टॅरँटुला कोळ्याला मिळाले, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. 1915 साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले फ्रेडरिक हेन्री ग्रेव्हली यांनी भारतातल्या मोठ्या कोळ्यांवर एक निबंध छापला आणि त्यात एका तपकिरी कोळ्याचे बारसे केले : प्लेसिओफ्रिक्टस सातारेन्सिस. त्याआधी, 1912 च्या एप्रिलमध्ये, ग्रेव्हली या मुलखात हिंडून गेले होते. मेढ्याला वेण्णेच्या खोऱ्यात आणि हेळवाकच्या बाजूला कोयनेच्या खोऱ्यात जे सरपटणारे, वळवळणारे सापडेल ते त्यांनी गोळा केले आणि बाटल्यांत भरून कलकत्त्याला नेले. पुढे 1977 साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतले कोळीतज्ज्ञ बी. के. टिकादर यांनी याच घराण्यातल्या आणखी एका कोळ्याला महाबळेश्वरचे नाव दिले. एका जिल्ह्याच्या वाट्याला दोन टॅरँटुला आले. कंदी पेढ्याइतकी ही कीर्ती पसरली नाही, हा भाग वेगळा.

तारळी आणि कृष्णेच्या संगमावरच्या या उंब्रज गावातून मेढा काय किंवा हेळवाक काय, फार लांब नाही. पश्चिमेकडे चाफळ-पाटणच्या अंगाला डोंगर चढू लागले की ग्रेव्हलींनी पालथा घातलेला मुलूख जवळ येतो. म्हणून आजचा विषय वरवर परदेशी वाटला तरी तसा परका नाही. उष्ण आशियातल्या टॅरँटुलांच्या जाती शरीरावरच्या कोणत्या खुणांवरून ठरवतात, त्या खुणा किती भरवशाच्या आहेत आणि त्यात सह्याद्रीच्या कोळ्यांचे काय झाले, एवढेच आज मांडायचे आहे.

‘मोठा, केसाळ, काळपट-तपकिरी’ हे वर्णन जगातल्या हजाराहून अधिक टॅरँटुला-जातींपैकी बहुतेकांना चपखल बसते, आणि म्हणूनच त्याचा उपयोग शून्य. या प्राण्यांच्या बाबतीत जे आधी डोळ्यांत भरते ते सहसा कामाचे नसते. कामाच्या खुणा जबड्याच्या बगलेत, पायांच्या खालच्या अंगाला आणि टाकून दिलेल्या कातेच्या आत असतात.

पण त्याच्याही आधी, समोरचा कोळी टॅरँटुला आहे की नाही, हे ठरवावे लागते. घराच्या भिंतीवर रात्री दिवा लावला की तळहाताएवढा, चपटा, पाय दोन्ही बाजूंना पसरलेला एक कोळी सर्रकन पळतो. पोटाखाली पांढरी चपटी पिशवी धरलेली असली तर ती मादी, आणि पिशवीत तिची अंडी. हा टॅरँटुला नव्हे. झुरळे खाणारा तो घरचाच शिकारी कोळी. त्याचे सुळे चिमट्याच्या दोन टोकांसारखे समोरासमोर मिटतात. टॅरँटुलाचे दोन्ही सुळे एकमेकांना समांतर असतात आणि वरून खाली रुततात, म्हणून भक्ष्य टिपण्याआधी त्याला शरीराचा पुढचा भाग उचलावा लागतो. वर्तमानपत्रांतल्या फोटोंत तो ‘फणा’ काढून उभा दिसतो, तो याच कारणाने. उलटा केला तर पोटावर फिकट रंगाचे चार चट्टे दिसतात. ती त्याची श्वसनाची पुस्तक-फुफ्फुसे, दोन जोड्या. घरच्या कोळ्याला अशी एकच जोडी. आठही डोळे एका लहानशा उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेले, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या, त्यांच्याभोवती बारीक केसांचा झुपका. या झुपक्यांच्या जोरावर एवढे जड धूड उभ्या काचेवरही चढते. सह्याद्रीत जमिनीत बीळ करून वर झाकण बसवणारे दुसऱ्या कुलातले कोळीही आहेत. दिसायला ते टॅरँटुलांचे भाऊबंद, पण त्यांच्या पायांना नख्या तीन असतात आणि झुपका नसतो.

अमेरिका खंडातल्या अनेक टॅरँटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. शत्रू आला की मागच्या पायांनी ते झाडून त्याच्या डोळ्यांत उडवायचे आणि निसटायचे. आशियातल्या एकाही टॅरँटुलाला हे हत्यार मिळालेले नाही. ते पळतात, आणि पळता आले नाही तर चावतात.

आशियाई टॅरँटुलांची शिस्तशीर वर्गवारी करणाऱ्यांत एक नाव टाळता येत नाही : रेजिनल्ड इनेस पोकॉक. 1863 साली जन्मलेले हे गृहस्थ 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गविभागात रुजू झाले. पुढे ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले, आणि उतारवयात त्यांनी भारतातल्या वाघ-बिबट्यांवर जे लिहिले त्यामुळे आज बहुतेक लोक त्यांना सस्तन प्राण्यांचे अभ्यासक म्हणून ओळखतात. तरुणपणी मात्र ते कोळी, विंचू आणि गोमांमध्ये बुडालेले होते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये स्थापन झाली होती. तिच्या सभासदांत वनाधिकारी, रेल्वेचे साहेब, डॉक्टर, पाद्री असे हरतऱ्हेचे लोक होते. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले आर. सी. रॉटन यांच्यासारखी मंडळी नमुने गोळा करून पाठवत आणि पोकॉक लंडनमध्ये टेबलाशी बसून ते उघडत. 1899 हे एकच वर्ष घेतले तरी महाराष्ट्र, कर्नाटक आणि दक्षिणेतल्या कितीतरी टॅरँटुलांची नावे त्या वर्षीची निघतात. 1900 साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत त्यांचा अष्टपाद प्राण्यांवरचा खंड आला. भारतीय टॅरँटुलांवर काम करणाऱ्याला आजही सुरुवात तिथूनच करावी लागते.

या दूरस्थ कामाचा एक फायदा झाला, तो कुणी ठरवून केलेला नव्हता. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कोळ्याचा रंग उतरतो. हिरवट, जांभळट, सोनेरी सगळे कालांतराने एकाच मळकट तपकिरीवर येतात. रंगाचा आधारच गेल्यामुळे पोकॉकना केस, काटे, खाचा आणि सांधे यांकडे बघावे लागले. कवचाच्या मध्यावरची खाच सरळ आहे की वळलेली, ओठावर आणि जबड्याशेजारच्या भागावर बारीक दाणे किती, पायाच्या तळव्यावरची केसांची गादी अखंड की मधून राठ केसांची रेघ गेलेली, पहिला पाय जाड की चौथा. वाचायला रुक्ष, पण वर्गीकरण यावरच उभे राहिले.

या सगळ्या खुणांत सर्वांत बोलकी खूण खरोखरच बोलकी आहे. काही टॅरँटुला आवाज करतात.

याची गोष्ट आसामातून सुरू होते. शिवसागरच्या चहामळ्यांत एस. ई. पील नावाचा मळेवाला राहत असे. तिथला एक थोराड कोळी चिडला की पुढचे पाय उचलून उभा राहतो आणि स्पष्ट ऐकू येईल असा आवाज काढतो, हे त्याने कलकत्त्याला कळवले. इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनी 1870 च्या दशकात त्या कोळ्याचे वर्णन केले आणि त्याला आवाजावरूनच स्ट्रिड्युलन्स हे नाव दिले. आज तो कायलोब्रॅकिस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आहे. पोकॉकनी 1895 मध्ये हे सूत्र पुढे नेले. कोळ्यांमधल्या ‘म्युझिकल बॉक्स’वर त्यांनी एक लोकांना वाचता येईल असा लेख लिहिला, आणि त्याच वर्षी पूर्वेकडच्या टॅरँटुला-प्रजातींची नव्याने मांडणी केली. मांडणीचा कणा होता आवाजाचे अवयव.

हे अवयव बघायचे तर भिंग हवे. जबडा आणि त्याच्या शेजारचा स्पर्शपाद, म्हणजे पायासारखा दिसणारा पुढचा आखूड अवयव, यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. ती उघडली की जबड्याच्या बाहेरच्या बाजूवर आखूड, कडक, काट्यांसारखे केस दिसतात. त्यांच्या समोर, स्पर्शपादाच्या बुडाच्या आतल्या अंगावर, दुसऱ्या तऱ्हेच्या राठ केसांची ओळ असते. कायलोब्रॅकिसमध्ये हे केस टोकाला रुंद आणि चपटे झालेले, गडद रंगाचे, एकमेकांना समांतर मांडलेले. कोळी जबडे हलवतो, काटे या ओळीवरून घासले जातात आणि आवाज उमटतो. कायलोब्रॅकिस ज्यात मोडतो त्या सेलेनोकॉस्मिनी उपकुलाची ही ओळख. म्यानमार, थायलंड, मलेशियाकडच्या ऑर्निथोक्टोनिनी उपकुलातही आवाजाची जागा हीच, पण केसांची घडण निराळी. भारतातल्या आणखी एका गटात जागाच बदलते : तिथे घासणारे केस स्पर्शपादाचे बूड आणि पहिल्या पायाचे बूड यांच्यामध्ये असतात. कर्नाटकातला थ्रिग्मोपोइअस आणि त्याचे नातेवाईक आणखी वेगळे, त्यांच्या जबड्याच्या बाहेरच्या अंगावर पिसांसारख्या मऊ केसांची दाट गादी. कोळी कुठून आणि कशाने आवाज करतो, किंवा करत नाही, एवढ्यावरून त्याचे उपकुल बऱ्याच अंशी सांगता येते. रंगावरून हे कधीच साधले नसते.

उपकुल कळले, प्रजाती कळली, पण जात? तिथे दुसरा अवयव लागतो, आणि तो नरमादीच्या समागमाशी जोडलेला आहे. नराच्या स्पर्शपादाच्या टोकाला एक फुगीर कंद आणि त्यातून निघालेली अणकुचीदार नळी असते. वीर्य त्यात भरून घेऊन तो मादीकडे जातो. मादीच्या पोटात ते साठवायला एक पिशवी असते. नळीचा बाक आणि पिशवीची घडण जातीजातीत बदलते. पोइसिलोथेरिया या झाडावरच्या प्रजातीत ती एकसंध, रुंद पिशवी. कायलोब्रॅकिसमध्ये दोन वेगळे कप्पे. शिवाय काही गटांत नराच्या पहिल्या पायावर आकडा असतो, काहींत तो नसतो.

मादीची पिशवी बघायला मादी मारण्याची गरज नाही, हे टॅरँटुला-अभ्यासाचे मोठे सुदैव. वाढत्या वयात आणि मादीच्या बाबतीत आयुष्यभर हा कोळी कात टाकत राहतो. पाठीवर पडून तो कवचाचे झाकण उचलतो आणि पाय एकेक करून बाहेर ओढतो. मागे राहते ती पोकळ कात, सुळ्यांसकट. पायांचा भाग ताठ आणि जसाच्या तसा असतो, पोटाचा भाग मात्र चुरगळून कागदाच्या बोळ्यासारखा होतो. ही कात कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजत ठेवायची. काही वेळाने पोटाची कातडी सैल पडते. दोन बोथट काड्यांनी ती हळूहळू उलगडली की आतल्या बाजूने चार पांढरे चौकोनी तुकडे दिसू लागतात. ती फुफ्फुसांची अस्तरे. त्यांतल्या पुढच्या दोन तुकड्यांमध्ये एक आडवी घडी असते, आणि मादी असेल तर त्या घडीच्या कडेला पिशवीचे अस्तर उभे राहते, काही मिलिमीटरांचे. घाई केली की तेच पहिल्यांदा फाटते. नराच्या कातेत तिथे काहीच नसते. लहान कोळ्याचा नर-मादी निवाडाही असाच करतात.

नराच्या नशिबी हे नाही. वयात येण्याची शेवटची कात टाकली की तो बीळ सोडतो, माद्यांच्या शोधात भटकतो आणि बहुधा वर्षभरात संपतो. त्या शेवटच्या कातेनंतर त्याचे पाय लांब होतात, अंग बारीक होते, रंगही बदलतो. एकाच जातीचे नर आणि मादी दोन वेगळ्या नावांनी नोंदले जाण्याचे प्रकार त्यामुळे वारंवार घडले.

पोइसिलोथेरिया ही भारत आणि श्रीलंकेचीच प्रजाती, आणि आशियातली सर्वांत देखणी. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रिगॅलिस महाराष्ट्रातही आढळतो. पाय पसरले तर मोठी मादी वीतभर भरते. पाठीवर पांढरा, राखाडी आणि काळा असे गुंतागुंतीचे नक्षीकाम, झाडाच्या सालीवर बसली की नजरेला सापडत नाही. पण या नक्षीवर विसंबून जात सांगू गेले तर फसगत ठरलेली, कारण पाच-सहा जातींच्या पाठी जवळजवळ तशाच. उलट बाजू बघितली की प्रश्न सुटतो. पुढच्या पायांच्या खालच्या अंगाला लिंबासारखे पिवळे आणि काळे असे पट्टे असतात, शत्रूला दाखवायचे. त्या पट्ट्यांची रुंदी आणि जागा हीच जातीची ओळख. रिगॅलिसच्या पोटाखाली शिवाय एक फिकट आडवा पट्टा असतो. म्हणजे कोळी स्वतः जी बाजू फक्त संकटात दाखवतो, तीच अभ्यासकाला लागते. गावातल्या तरुणांच्या मोबाइलमध्ये अशा कोळ्यांचे सुंदर फोटो असतात, आणि ते सगळे पाठीचे असतात.

याच प्रजातीतला पोइसिलोथेरिया मेटॅलिका हा गडद निळा. पोकॉकनी 1899 मध्ये त्याचे वर्णन एकाच नमुन्यावरून केले. तो आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडला होता. त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. 2001 साली कॅनडाचे रिक वेस्ट यांना तो पुन्हा सापडला, पण गुत्तीत नव्हे. गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. मूळ नमुना बहुधा लाकडाच्या गाडीतून गुत्तीला पोचला असावा. पोकॉकनी शरीराचे वर्णन बिनचूक केले, तरी ‘गुत्ती’ या दोन अक्षरांनी पुढच्यांना शतकभर चुकीच्या ठिकाणी शोधायला लावले. नमुन्याबरोबर गाव, उंची, झाड की जमीन, महिना हे लिहिलेले नसेल तर उत्तमातला उत्तम नमुनाही अर्धाच असतो.

निळ्या रंगाबद्दल आणखी एक गोष्ट. 2015 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात टॅरँटुलांच्या निळेपणावर एक अभ्यास आला. हा रंग रंगद्रव्यामुळे दिसत नाही, केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होतो म्हणून दिसतो. ती रचना वेगवेगळ्या गटांत निरनिराळी आहे, निळी छटा मात्र सगळीकडे जवळपास एकच, साधारण 450 नॅनोमीटरची. टॅरँटुलांच्या वंशात निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उगवला, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. निळा म्हणून निळ्याचा भाऊ, हे नाते तिथेच तुटले. तरीही नव्या जातीची बातमी छापायची तर ती निळी असावी लागते. 2023 मध्ये दक्षिण थायलंडच्या फांगङा प्रांतातून कायलोब्रॅकिस नाटानिचारम हा विजेसारखा निळा कोळी जाहीर झाला तेव्हा जगभर त्याचे फोटो फिरले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच देशात टाक प्रांतातून टाक्सिनस बांबस जाहीर झाला होता, बांबूच्या पोकळीत राहणारा, एका यूट्यूबवाल्याच्या नजरेला पडलेला, आणि शास्त्रीयदृष्ट्या जास्त महत्त्वाचा, कारण तो केवळ नवी जात नसून नवी प्रजाती होता. पण तो तपकिरी-काळा.

शरीरखुणांचे हे शास्त्र पक्के असले तरी त्यातली नावे पक्की नसतात. कोळी पाळणाऱ्या जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षे म्यानमार-थायलंडच्या निळ्या बिळवासी कोळ्याला हॅप्लोपेल्मा म्हटले. 2015 मध्ये सायरिओपॅगोपस या प्रजातीचा मूळ नमुना पुन्हा तपासला गेला. सीमॉन या फ्रेंच अभ्यासकाने 1887 मध्ये म्यानमारमधून वर्णन केलेला तो कोळी. ज्यांना लोक सायरिओपॅगोपस समजत होते त्या झाडावरच्या कोळ्यांशी त्याचे काही जुळेना, हॅप्लोपेल्माशी मात्र जुळले. जुने नाव वरचढ हा नियम. मग सगळे हॅप्लोपेल्मा सायरिओपॅगोपस झाले आणि झाडावरचे दुसऱ्या प्रजातींत गेले. कोळी होते तसेच राहिले, लेबले बदलली. याला कुणी गोंधळ म्हणेल. खरे तर हीच या शास्त्राची प्रामाणिक बाजू आहे : वाद झाला तर निकाल एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या मतावर लागत नाही, संग्रहालयातल्या एका विशिष्ट बाटलीतल्या विशिष्ट कोळ्यावर लागतो.

आता आपल्याकडचे तपकिरी. यांची कथा कमी झगमगीत आहे, आणि म्हणूनच जास्त सांगण्याजोगी.

पोकॉकनी 1899 मध्ये प्लेसिओफ्रिक्टस ही प्रजाती केली आणि 1900 मध्ये तिच्या जवळची हेटेरोफ्रिक्टस. नंतरच्या काळात भारतात कुठेही लहानसर, नक्षी नसलेला, आवाजाचे ठळक अवयव नसलेला टॅरँटुला सापडला की तो प्लेसिओफ्रिक्टसमध्ये जाऊ लागला. सातारेन्सिस तिथे, महाबळेश्वरी तिथे, मेघालयातलाही तिथे. जे कुठे ठेवायचे कळत नाही ते ज्या खोलीत ढकलतात, त्या अडगळीच्या खोलीची कळा या प्रजातीला आली. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट रेव्हन यांनी जगभरच्या या कोळ्यांची मोठी फेरमांडणी केली, तेव्हा हेटेरोफ्रिक्टसही प्लेसिओफ्रिक्टसमध्ये विलीन करण्यात आली. खोली आणखी भरली.

ती आवरायला सुरुवात झाली ती या शतकात. मंजू सिलिवाल आणि संजय मोलूर यांनी भारतीय कोळ्यांच्या याद्या नव्याने तयार केल्या. 2012 मध्ये सिलिवाल आणि रेव्हन यांनी निओहेटेरोफ्रिक्टस ही स्वतंत्र प्रजाती वेगळी काढली, मुख्यतः नराच्या पायावरचा आकडा आणि मादीची पिशवी यांच्या आधारावर. मग मुंबईचे झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी 2014 मध्ये हेटेरोफ्रिक्टसला पुन्हा उभे केले. त्याच कामात एक नवी जात निघाली, मुंबईच्या आरे दूध वसाहतीतून : हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. मेट्रोच्या कारशेडवरून जो आरेचा पट्टा पुढे देशभर गाजला, तिथला हा रहिवासी. त्याच सुमारास आंबोलीचे नावही निओहेटेरोफ्रिक्टस आंबोली या रूपाने यादीत आले. कोटीहून अधिक माणसांच्या शहरात टॅरँटुलाची जात 2014 पर्यंत निनावी राहते, याचा दोष तपकिरी रंगाला द्यावा की बघणाऱ्यांना?

पोकॉकच्या काळातली दुसरी एक महाराष्ट्रीय जात माथेरानची, आज तिला हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस म्हणतात. पोकॉकनी तिचे शरीर नीट वर्णिले, पण ती राहते कशी हे बाटलीतल्या नमुन्यावरून कळणे शक्य नव्हते. शंभरावर वर्षांनी जिवंत कोळी बिळात बघितला गेला तेव्हा लक्षात आले, की बिळाच्या तोंडाला दार आहे. दाराचे बीळ ही झाकणवाल्या कोळ्यांच्या निराळ्या कुलाची खासियत मानली जात असे, टॅरँटुलांत ती फारच दुर्मीळ. शरीरखुणांवरून केलेले वर्गीकरण यामुळे बदलले नाही. दोन नख्या आणि झुपका त्याला टॅरँटुलाच ठरवतात, दार कितीही फसवे असले तरी. पण नुसत्या बिळावरून नाव सांगणाऱ्याची पंचाईत व्हावी, असे हे उदाहरण.

डीएनए आल्यावर हे सारे मोडीत निघेल असे काहींना वाटले होते. तसे झाले नाही, मात्र फटके बसले. अमेरिकेतल्या आफोनोपेल्मा प्रजातीची 2016 मध्ये शरीरखुणा आणि डीएनए दोन्ही लावून तपासणी झाली. पन्नासावर जुन्या नावांतली कितीतरी गळाली आणि शेवटी 29 जाती उरल्या, त्यांतल्या 14 अगदी नव्या. आशियाच्या बाबतीत 2018 च्या एका अभ्यासाने केसांवरून केलेली बरीचशी उपकुले खरी ठरवली. 2021 मध्ये आणखी रंजक गोष्ट पुढे आली. टॅरँटुलांचा उगम अमेरिकेच्या बाजूला, सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीचा. भारताचा भूखंड सुटा होऊन उत्तरेकडे सरकत होता तेव्हा ते त्याच्यावर होते, आणि इथून ते आशियात एकदा नव्हे, दोनदा पसरले, मधे साधारण दोन कोटी वर्षांचे अंतर ठेवून. ज्वालामुखींच्या ज्या थरांवर सह्याद्री उभा आहे ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे हा कातळ ओतला जात होता तेव्हा या कोळ्यांचे पूर्वज याच भूखंडावर कुठेतरी तग धरून होते. थायलंडचा निळा कोळी दूरच्या नात्याने इकडचाच ठरतो.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न सभेत नेहमी येतो. एक उत्तर आसामचे आहे. 2012 च्या उन्हाळ्यात तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदियात मोठ्या कोळ्यांचा सुळसुळाट झाल्याच्या बातम्या आल्या, दंशाने माणसे दगावल्याचे सांगितले गेले आणि घबराट पसरली. कोळी कोणता, यावर ऑस्ट्रेलियातल्या विषारी कोळ्यापर्यंत तर्क गेले. नंतर कायलोब्रॅकिसचे नाव पुढे आले. काहींनी वैदूंकडून जखमा कापून घेतल्या होत्या, त्यामुळे मृत्यूचे कारण विषच होते हे सिद्ध झाले नाही. ओळख लवकर पटली असती तर निम्मी घबराट टळली असती. पोइसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंना तीव्र पेटके येतात आणि ते दिवसेंदिवस परत परत उलटतात, पण त्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. डॉक्टरला हा फरक माहीत असणे चांगले.

दुसरे उत्तर बाजाराचे. या कोळ्यांची परदेशात विक्री होते, पिल्लांचीसुद्धा. 2019 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात पोइसिलोथेरिया ही अख्खी प्रजाती घातली गेली. एकेक जात घालून भागले नसते, कारण सीमेवरच्या कस्टम्सच्या माणसाने डब्यातल्या कोळ्याला उलटे करून पायांचे पट्टे मोजावेत ही अपेक्षा अवाजवी. त्याच वर्षी मलेशियातल्या सारावाकमधून बायरुपिस नावाचा निळ्या पायांचा कोळी ब्रिटनमध्ये जाहीर झाला, आणि नमुने परवान्याशिवाय बाहेर आणले गेल्याचा आरोप होऊन वाद पेटला. वर्णन शास्त्रशुद्ध, आणि तरी त्या देशाच्या संशोधकांना ते चोरीच्या मालावर आधारलेले वाटले. रॉटनसाहेबांच्या काळी लंडनला बाटल्या पाठवताना कुणाची परवानगी लागत नव्हती. सातारा जिल्ह्याच्या कोळ्यावर काम करायचे तर आज वनखात्याची परवानगी लागते, आणि नमुना पुणे, मुंबई किंवा कोलकात्याच्या संग्रहात राहतो. हे योग्यच झाले.

परवानगी नसलेल्यालाही करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते कोळ्याला हात न लावता. ढोलीच्या तोंडाशी किंवा बिळाबाहेर पडलेली कात उचलून कागदी पुडीत ठेवावी, पुडीवर गाव, तारीख, जमिनीपासूनची उंची लिहावी. बिळाच्या तोंडाचा फोटो जवळून आणि लांबून असा दोनदा घ्यावा. कोळी खिडकीच्या काचेवर चढलेला असेल तर दुसऱ्या बाजूने त्याच्या पोटाचा फोटो घ्यावा, अशी संधी क्वचित मिळते. जुन्या नावांची फेरतपासणी करताना मूळ ठिकाणचेच ताजे साहित्य लागते. ग्रेव्हलींच्या बाबतीत हे ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातली खोरी. नर हाताशी नसेल तर काम अडते, कारण आकडा आणि कंद त्याच्याकडेच असतात. ते नर फिरायला निघतात पावसाच्या सुरुवातीला, रात्री, आणि बहुतेकदा रस्त्यावर किंवा अंगणातल्या दिव्याखाली दिसतात. मृगाच्या पहिल्या सरींनंतरचे दोन-तीन आठवडे म्हणूनच सर्वांत कामाचे.